मेणाचे बोळे

गल्लीत तिला सगळे घुमी म्हणायचे. तोंडावर ताई, आणि पाठ वळली की घुमी. नाव ठेवणाऱ्यांचा तरी काय दोष? बाई बोलायचीच नाही. शेजारची झेरॉक्सवाली पोरगी रोज सकाळी शटर वर करताना विचारायची, "ताई, बऱ्या आहात ना?" तर ही मान हलवायची, आणि तीही अशी की हो म्हणाली का नाही, ते पोरीला दुपारपर्यंत उलगडायचं नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं लेकीची, जावयाची, पित्ताची अशी सगळी कर्मकहाणी सांगितली, तरी ही आपली खिडकीबाहेर बघत बसायची. गर्विष्ठ आहे, म्हणायचे काही जण. काही म्हणायचे, मुखदुर्बळ आहे बिचारी.

दोन्ही खोटं. घुमीच्या पोटात एवढं बोलणं साठलेलं होतं की सांगायला बसली असती तर ऐकणाऱ्याचा डोळा लागून पुन्हा उघडला असता. पण तिचं बोलणं हाच घरचा धंदा होता. कापडवाला आपलं कापड फुकट फाडून वाटत नाही, तशी ती आपलं बोलणं वाटत नव्हती.

दुकान बापाच्या वेळचं. बाहेर पाटी होती, 'धातू गाळून मिळेल'. पुढच्या बाजूला जुने नळ, तुटक्या तोट्या, शिशाचे तुकडे, आणि एक लाकडी बाक. मागच्या खोलीत भट्टी, भाता आणि मूस. मूस म्हणजे धातू वितळवायची मातीची वाटी. मुठीत मावेल एवढीच. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मध्ये हे काळवंडलेलं भोक कसं काय टिकलं, असं नव्या लोकांना वाटायचं. जुन्यांना वाटायचं नाही, कारण त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

त्या घरात किमया होती. एकाच आईच्या पोटचे दोघे लागायचे. एकानं भाता ओढायचा, कारण त्याच्या हातच्या वाऱ्याशिवाय ती आग नुसतीच आग. दुसऱ्यानं वितळलेल्या शिशावर वाकायचं आणि त्यात एक खरी गोष्ट सांगायची. आपल्या जिवाची, आणि जगात कुणालाही न सांगितलेली. गोष्ट खरी निघाली की शिसं आधी निळं व्हायचं, मग पिवळं, आणि तळाशी सोनं बसायचं. छोट्या खऱ्याचं मिरीच्या दाण्याएवढं, मोठ्या खऱ्याचं वाटाण्याएवढं. एकदा कुणाला सांगून टाकलेली गोष्ट मात्र मुशीत चालायची नाही. ती विझलेली. म्हणून घुमी घुमी.

देणगी आहे हे कळलं त्या दिवसाची गंमतच झाली होती. दोघं लहान होती. बापानं धाकट्याच्या हातात भात्याचा दांडा दिला आणि हिला म्हणाला, "सांग काहीतरी खरं." हिनं थोडा विचार केला आणि वाकून सांगितलं, "काल दुधावरची साय मी खाल्ली. मार धाकट्यानं खाल्ला."

मूस लख्ख पिवळी झाली. बापाला आनंद झाला पोरांत देणगी उतरल्याचा, आणि धाकट्यानं दांडा सोडून बहिणीची वेणी धरली. बापानं दोघांना सोडवलं, आणि मेणबत्ती घेऊन त्याच संध्याकाळी धाकट्याच्या कानांच्या मापाचे मेणाचे बोळे केले. तेव्हापासून घरात कायदा झाला. सांगणाऱ्यानं खोटं बोलायचं नाही, फुंकणाऱ्यानं ऐकायचं नाही. "ऐकलेलं मनात राहतं," बाप म्हणायचा, "आणि मनात राहिलेलं आज ना उद्या हाताशी येतं. मग ते मुशीत जात नाही, माणसाच्या गळ्याशी जातं."

बोळे नीट बसलेत का, हे बघायची रीतही त्याचीच. भाऊ भिंतीकडे तोंड करून भात्याला बसला की बहिणीनं मागून मोठ्यानं ओरडायचं, "विंचू!" तो दचकला तर बोळे पुन्हा घाला. नाही दचकला तर सुरू करा. पहिले काही महिने पोरगा टाणकन उडायचा. मग उडेनासा झाला. बाप म्हणाला, शिकला.

शिकला खराच. पण काय शिकला, ते बापानं विचारलं नाही. आणि बाप गेल्यावर इतक्या वर्षांत विंचवाच्या जागी साप म्हणावं, निदान पाल म्हणावं, एवढं काही घुमीला सुचलं नाही.

बाहेर गप्प राहणारी घुमी एका बाबतीत मात्र बढाई मारायची. "माझ्या धाकट्याला न सांगता कळतं." हे ती कुणालाही सांगायची. ते गुपित नव्हतंच, अभिमान होता.

आणि कळायचं खरंच त्याला. कोपऱ्यावरच्या छापखान्याशी एक दांडगा कुत्रा बसायचा, घुमीला त्याची भीती वाटायची. ती कधी बोलली नव्हती. एवढी मोठी बाई आणि कुत्र्याला भिते, म्हणून सांगायला लाज. पण रस्त्यानं जाताना धाकटा आपसूक कुत्र्याच्या बाजूला व्हायचा. तिला लिफ्टमध्ये गुदमरायचं, तर दातांच्या डॉक्टरकडे सोनं पोचवायला तो स्वतःहून निघायचा. एका हिवाळ्यात तिच्या पायांना गारवा सोसेना, तर दोन दिवसांत बिछान्यावर लोकरीचे मोजे. भावजयीच्या हातचा चहा तिला फार गोड लागायचा. ती मुकाट्यानं तो खिडकीतल्या कुंडीत ओतायची. एके दिवशी चहा कमी गोड आला आणि तसाच येत राहिला.

भावजय बडबडी, मनाची मोकळी. ती म्हणायची, "वन्सं, तुमचं नशीब मोठं बाई! मी डोकं धरून बसते, डोकं दुखतंय म्हणून सांगते, तरी हे विचारतात, काय झालं. आणि तुमचं न सांगता!"

घुमी हसायची. लग्न नाही, मूलबाळ नाही, मैत्रीण म्हणावी अशी कुणी नाही. तरुणपणी शिवणाच्या वर्गात एक जिवाभावाची होत आली होती. पण ती सगळं सांगायची आणि ही ऐकून मान हलवायची. एकीनंच पाणी ओतायचं आणि दुसरीनं नुसता घडा धरायचा, असं किती दिवस चालणार? मैत्रीण कंटाळली. घुमी मनात म्हणाली, असू दे. आपल्याला ओळखणारा एक माणूस घरात आहे. ज्याला असा भाऊ, त्याला आणखी काय हवं?

एकदा मात्र तिला आणखी काही हवं झालं होतं.

समोरच्या बाजूला तेव्हा एक घड्याळवाला बसायचा. डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून. घुमी दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ त्याच्याकडे घेऊन गेली. त्यानं उघडलं, फुंकर मारली, बंद केलं.

"घड्याळ चांगलं चालतंय. उगाच आणलंत."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

त्यानं भिंग काढून पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. त्यानंतर त्या धडधाकट घड्याळाच्या बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. शेवटी एका दुपारी तो म्हणाला, "तुम्हाला पटत असेल तर आपण संसार करू. घाई नाही. सावकाश सांगा."

बाप नुकताच गेला होता. धाकट्याला मिसरूड फुटलेलं. घुमीनं रात्रभर विचार केला आणि सकाळी ते सगळं मुशीत सांगितलं, की मला त्याच्याकडे जायचंय, उद्या त्याला हो म्हणणार आहे, आणि इतका आनंद पोटात मावत नाही. भात्याचा वारा मध्येच थांबला होता. तिला वाटलं, आगीनंसुद्धा श्वास रोखला. कधी दुःखाचं काही सांगितलं की भाता मंद व्हायचा, हे तिच्या आधीपासून लक्षात होतं. भट्टीला माया आहे, असंच ती धरून चालली होती. त्या दिवशी तळाशी बसलेला दाणा वाटाण्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याचं दुकान बंद. तिसऱ्या दिवशी उघडलं, पण त्यानं मान वर केली नाही. "झालं ना बोलणं, ताई," एवढंच म्हणाला. ताई म्हणाला! "मनात काही ठेवू नका." घुमीला वाटलं, याचं मन फिरलं. का फिरलं, ते विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपलं मन उघडं करायचं, आणि ती सवय जिभेला नव्हतीच. ती घड्याळ उचलून घरी आली. पुढे तो ती जागा सोडून गेला. त्या दिवसांत धाकटा तिला फुलासारखा जपत होता. काही विचारत नव्हता, नुसता जपत होता. ती मनात म्हणाली, बघा, याला कळलंय.

वर्षं गेली. केस पिकले. धाकट्याचं लग्न झालं, त्याचं घर भरलं, आणि घुमीची खाट आतल्या खोलीतून जिन्याखाली आली. तक्रार कसली? पण अलीकडे तिला एक वेड लागलं होतं. आपली एक खोली असावी. आपली किल्ली, आपला नळ. दार लावावं आणि आतून कडी घालावी.

आणि ती खोली तिला सापडलीसुद्धा. बस डेपोच्या मागे, कपडे धुण्याच्या दुकानावरच्या मजल्यावर. घरमालकीण म्हणजे एक निवृत्त नर्सबाई, एकटी राहणारी, खणखणीत आवाजाची. खोलीत खिडकी होती, खिडकीतून उभ्या बसगाड्यांची छपरं दिसायची. घुमीला ती छपरंही आवडली. "सोमवारी सांगते," ती म्हणाली, आणि घरी येऊन कुणाला काही बोलली नाही. फक्त मुशीत सांगितलं. मला वेगळं व्हायचंय, डेपोमागच्या नर्सबाईची खोली बघून आलेय, सोमवारी हो म्हणणार, आणि धाकट्याला कसं सांगावं ते कळत नाही.

सोमवारी ती नर्सबाईच्या दारात गेली, तर नर्सबाई मटार सोलत बसलेल्या.

"अहो ताई, तुम्ही कशाला आलात एवढे जिने चढून? तुमचे भाऊ येऊन सांगून गेले ना परवा!"

"काय सांगून गेला?"

"की ताईंचं मन बदललं. म्हणाले, तिचे गुडघे फार ठणकतात, रात्री गुडघ्यांखाली उशी घेतल्याशिवाय झोप लागत नाही, तिला जिने झेपायचे नाहीत. फार हळवे झाले होते हो सांगताना. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. मी एका नोकरीवाल्या मुलीला होकार दिलाय. उद्या सकाळी किल्ली न्यायला येतेय ती."

घुमी उंबऱ्यातच उभी राहिली. खोलीचं त्याला कुणी सांगितलं असेल, ही शंका घेता आली असती. जग लहान असतं. पण गुडघ्याखालची उशी? जिन्याखालच्या अंधारात ती उशी कुणी बघितलेली नव्हती. ती सकाळी काढून ठेवायची. ते तिनं एकदाच सांगितलं होतं, गेल्या आठवड्यात, आणि तेही शिशाला.

"ताई, बसता का? पाणी देऊ?" नर्सबाईंनी तिचं मनगट धरलं. सवयीनं नाडीच बघितली असेल.

"उद्या सकाळपर्यंत थांबा," घुमी म्हणाली. "किल्ली कुणाला देऊ नका."

"पण मग खरं काय धरू? तुमचं की भावाचं?"

घुमीनं मनगट सोडवून घेतलं. ती जिना उतरली.

घरी यायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण ती मध्येमध्ये थांबत होती. छापखान्यापाशी थांबली. कुत्रा. तो कुत्र्याच्या बाजूनं का चालायचा? आणखी पुढे थांबली. लिफ्ट. मोजे. चहा. एकेक माया हातात घ्यावी, उलटी करावी, आणि मागे दुसऱ्याच कुणाचा ठसा निघावा, असं होत होतं. न सांगता कळतं, म्हणून जगभर मिरवलं. कळणार नाही तर काय! रोज शब्द न शब्द सांगतच होती की ती त्याला. बापानं शिकवल्याप्रमाणे जे फक्त आगीला द्यायचं, ते या गोगलगायीनं पाठमोरं बसून वेचून घेतलं होतं. पोटात पाय म्हणतात ते हेच.

आणि मग ती मोबाइलच्या दुकानासमोर थांबली, कारण समोर पूर्वी घड्याळवाला बसायचा ती जागा होती. आता तिथे रिकाम्या बाटल्यांची खोकी होती. 'झालं ना बोलणं, ताई.' तिचं आणि त्याचं बोलणं झालंच नव्हतं. मग कुणाशी झालं होतं?

तिथे घुमी दुकानाच्या पायरीवरच खाली बसली. झेरॉक्सवाली पोरगी धावत आली, "ताई, बऱ्या आहात ना?" आणि पहिल्यांदाच घुमी स्पष्ट बोलली, "नाही गं."

ती मागच्या खोलीत गेली तेव्हा धाकटा कोळसे मांडत होता. "आलीस? मी वाटच बघत होतो. दातवाल्या डॉक्टरचा निरोप आलाय, कवळीच्या तारेसाठी हवंय." आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "दमलीस ना? गुडघे—" आणि थांबला.

"काय गुडघे?"

"काही नाही. चालून आलीस म्हणून म्हटलं."

"बस भात्याला," ती म्हणाली.

त्यानं बोळे घातले. दोन्ही कान वळवून दाखवले, लहानपणापासून दाखवायचा तसे. भिंतीकडे तोंड केलं. तिनं मागून आवाज दिला, "विंचू!" पापणी हलली नसावी त्याची. भाता सुरू झाला, शिसं वितळलं, वर साय धरावी तसं थरथरायला लागलं. घुमी वाकली. जन्मात कधी मुशीत खोटं बोलली नव्हती. जीभ वळेना. तरी ती हलक्या आवाजात, रोजच्यासारखीच, म्हणाली,

"आज मला घड्याळवाला भेटला. म्हातारा झालाय. त्या वेळी काय झालं होतं, ते त्यानं सगळं सांगितलं मला."

भाता थांबला.

शिसं काळं पडलं, फुत्कारलं, आणि मूस मधोमध तडकली. धाकटा वळला. चेहरा राखेसारखा.

"काय सांगितलं त्यानं?" मेण घातलेल्या कानांनी त्यानं विचारलं.

आणि मग आपण काय केलं ते त्याला कळलं. हात कानांकडे गेला, एक बोळा निसटून खाली पडला. घुमीनं तो उचलला आणि दिव्यासमोर धरला. मेणातून आरपार, दाभणानं पाडलेलं, गुळगुळीत जुनं भोक.

"ताई, ऐक ना—"

"तू ऐक म्हणू नकोस मला! तू तरी म्हणू नकोस!"

तिचा एवढा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. भावजय हातातलं फडकं घेऊनच धावत आली. "काय झालं? काय फुटलं?"

"विचार तुझ्या नवऱ्याला. त्याला सगळं ऐकू येतं."

धाकटा भिंतीला टेकून खाली बसला. आधी नाही म्हणाला. मग पहिल्यांदा मेण आपोआप सैल झालं होतं म्हणाला. मग रडायला लागला. "सायीचं ऐकलं होतं ना मी लहानपणी. नंतर राहवेना, की आणखी काय केलंय हिनं माझ्या नावावर! तेवढ्यासाठी भोक पाडलं, ताई, पोरवयात. पण तू तसलं काही सांगायचीसच नाहीस. तू सांगायचीस की तुला भीती वाटते, तुला झोप येत नाही, आई आठवते. मग मला बंद करवेना. कुणाशी तू बोलत नव्हतीस. मला वाटायचं, कुणीतरी ऐकावं हिचं. मी वाईट काय केलं? कुत्र्याच्या बाजूनं चाललो. मोजे आणले—"

"चहा!" भावजय म्हणाली. फडकं तिच्या हातातच राहिलं. "साखर कमी घाल म्हणालात ते... म्हणजे वन्सं, माझा चहा तुम्हाला..."

"कुंडीत ओतत होते."

"तरीच ते रोप मेलं!"

दुसरी कुठलीही वेळ असती तर तिघं हसली असती. घुमीला त्या क्षणी भावाची दयाच आली, अगदी आतून. कुणीतरी ऐकावं हिचं, हे खोटं नव्हतं. ते तिला कळत होतं. खरं ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. तीही खाली बसली, त्याच्यासमोर.

"घड्याळवाल्याला काय सांगितलंस?"

तो समोरचे कोळसे चिवडायला लागला.

"सांग."

"तू गेली असतीस." त्यानं नाक पुसलं. "बाबा नव्हते. माझ्या एकट्याच्या हातची आग म्हणजे काय? नुसता धूर. पोटाला काय खाल्लं असतं? आणि तुझं सगळं बोलणं त्याला गेलं असतं. मला काय राहिलं असतं?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, ताई नाही म्हणते. तिला तोंडावर सांगायला संकोच वाटतो, म्हणून मला पाठवलंय."

"आणि तो?"

"त्यानं विचारलं, हे ती स्वतः म्हणाली का?" धाकट्यानं मान खाली घातली. "मी म्हटलं, हो. माझ्याजवळ ती सगळं बोलते."

भावजयीनं तोंडावर हात घेतला. कोळसे तडतडत विझत होते. घुमीला रडू आलं नाही. तिला एवढंच दिसत होतं, की एक भला माणूस भिंग काढून बसलाय, आणि तिचं उत्तर तिच्याच घरातून, तिच्याच रक्ताच्या तोंडून घेतोय, आणि त्यावर विश्वास ठेवतोय. त्यानं का ठेवू नये? तिनंही ठेवलाच होता. परक्यानं गळा कापला तर माणूस ओरडतं तरी. हा केसानं कापलेला, कळायला आयुष्य जावं लागलं.

ती उठली. जिन्याखालून कपड्यांची पिशवी भरली, लोकरीचे मोजे हातात घेतले, थोडा वेळ धरले, आणि पिशवीतच टाकले. थंडीला काय ठाऊक कुणी आणलेत ते?

"ताई, कुठे निघालीस? ताई, मी नवे बोळे करतो, तू स्वतः तपास, वाटल्यास कापूसही—"

"तुला अजून वाटतंय बोळ्यांचं काहीतरी चुकलं!" ती म्हणाली. तिनं पिशवी खांद्याला लावली.

"मग मूस? धंदा? अगं, निदान तेवढा दातवाल्याचा—"

"नळ गाळ," ती म्हणाली. "पाटीवर तेच लिहिलंय."

दिवेलागणीला नर्सबाईंनी दार उघडलं तर घुमी पिशवीसकट उभी.

"खरं काय धरू विचारलंत ना? माझं धरा. यापुढे माझ्याबद्दल काहीही मलाच विचारायचं."

"आणि गुडघे?"

"ठणकतात. कुत्र्याला भिते, लिफ्टमध्ये गुदमरते, चहा कमी गोड लागतो. आणखी काय विचारायचं असेल तर आत्ताच विचारा."

नर्सबाई हसल्या. त्या मुलीला त्यांनी शेजारच्या इमारतीत कुणाकडे तरी चिकटवून दिलं, आणि किल्ली घुमीच्या तळहातावर ठेवली. नवी खोली पहिल्या रात्री परक्यासारखी वागली. नळ टपकत होता, डेपोतल्या गाड्या पहाटेपासून गुरगुरायला लागल्या. गार वारा येत होता, आणि तिला गारठा लागतोय हे ओळखून कुणी खिडकी लावली नाही. ती थोडी वाट बघत पडून राहिली. मूर्खपणा, पण राहिली. मग उठून आपली आपण लावली.

चार-आठ दिवसांनी दुपारी त्या दोघी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मटार सोलत होत्या, तेव्हा धाकटा आला. खालच्या वळणावर थांबला. दाढी वाढलेली. हातात नवी मूस होती, कागदात गुंडाळलेली.

"ताई, एकदाच. मी सगळ्यांना सोनं नाही म्हणून सांगतोय, पण किती दिवस सांगू? तुझ्याजवळ अजून खूप आहे, मला माहीत आहे ना."

"आहे ना, ढीग आहे," घुमी म्हणाली. "बस. तुला आवडतं ऐकायला. आज समोर बसून ऐक."

तो न समजून खालच्या पायरीवर टेकला. घुमी नर्सबाईंकडे वळली. एक शेंग मोडली, दाणे भांड्यात टाकले, आणि म्हणाली, "नर्सबाई, आमच्या दुकानासमोर पूर्वी एक घड्याळवाला बसायचा. मला तो फार आवडायचा."

धाकट्यानं मान वर केली. "ताई, नको. सांगू नकोस. पुढचं सगळं अजून मुशीत गेलेलं नाही. विझेल ते! एवढं मोठं... ताई, वाया जाईल."

"आमचं घड्याळ चांगलं चालत होतं," घुमी सांगत राहिली, "तरी मी ते त्याच्याकडे घेऊन गेले."

तिनं सगळं सांगितलं. भिंगाचं, सावकाश सांगा म्हणालेल्याचं, पोटात न मावलेल्या आनंदाचं, बंद शटरचं. शब्द फुकट, उघड्या जिन्यात, खाली कपडे धुण्याच्या दुकानातली बाईसुद्धा कान देऊन ऐकेल एवढ्या आवाजात. बोळ्याच्या भोकातून जन्मभर जे ऐकलं ते धाकट्याला समोरून ऐकवेना. भाऊ जाऊन काय सांगून आला, तिथे गोष्ट आली, तसा तो उठला. मूस पायरीवरच ठेवून, कठडा धरून, खाली निघून गेला. घुमीनं त्याला हाक मारली नाही. गोष्टही थांबवली नाही, फक्त तो दाराबाहेर पडेपर्यंत ती जिन्याच्या वळणाकडे बघत राहिली.

नर्सबाईंच्या मांडीवर शेंग तशीच न सोललेली पडली होती.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "आणि दिसायला कसा होता हो?"

घुमीनं आठवून बघितलं. "चेहरा आता पुसट झालाय. पण बोटं होती ना त्याची," ती म्हणाली, आणि सांगायला लागली.